डांबरी: तीन आठवड्यांसाठी आलेलं पिल्लू

हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. डांबरी नावाचं हे कुत्र्याचं पिल्लू अजून तात्पुरत्या घरीच आहे. पण एवढ्या महिन्यांत आम्ही जे निर्णय घेतले, त्यातले काही चुकले आणि काही बरोबर होते की नाही हे आजही सांगता येत नाही. ते विसरण्याआधी लिहून ठेवते. माणसांची नावं, सोसायटी, उपनगर हे सगळं गाळलंय. पिल्लाचं नाव खरं आहे, कारण त्या नावावरूनही आमच्यात वाद झाले.

पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ चा शेवटचा आठवडा. पुण्याच्या एका उपनगरात पावसाळ्याआधी रस्ता उरकायची नेहमीची घाई चाललेली. फुटपाथच्या कडेला डांबराची पिंपं आडवी टाकलेली होती आणि त्यातल्या एकाचं झाकण निघालेलं. दुपारी चाळिशीच्या उन्हात डांबर पाघळायचं, रात्री घट्ट व्हायचं. पिंपाच्या आडोशाला एक कुत्री व्यालेली होती. तिच्या तीन पिल्लांपैकी एक त्या थारोळ्यात गेलं आणि तिथेच चिकटून बसलं. सकाळी कामावरच्या बाईने पाहिलं, तिने पत्र्यासकट उचललं, आणि कुणीतरी आमचा नंबर दिला.

आम्ही म्हणजे संस्था नाही. सहा जण आहोत, नोकऱ्या सांभाळून हे करतो. आमच्याकडे शेल्टर नाही, त्यामुळे उचललेलं जनावर कुणाच्या तरी घरीच ठेवावं लागतं. त्या घराला आम्ही ‘फोस्टर’ म्हणतो.

मी पोचले तेव्हा एकजण रॉकेलची बाटली घेऊन उभाच होता. चांगल्या हेतूनेच. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाईन यांनी डांबर निघतं हे खरं, पण खालची कातडी भाजते, आणि पिल्लू अंग चाटतं तेव्हा ते पोटात जातं, वासाने फुफ्फुसालाही त्रास होतो. डांबर काढायला खाद्यतेल लागतं. कोणतंही चालतं. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंगदाणा तेलाची लिटरची पिशवी आणली.

पुढचे साडेतीन तास हेच. तेल तळहातावर कोमट करायचं, लावायचं, बोटांनी चोळत राहायचं. पाचेक मिनिटांनी डांबर काकवीसारखं सुटायला लागतं, मग आईस्क्रीमच्या काडीने केसांच्या दिशेने ओढून काढायचं. डावा कान मानेला चिकटलेला होता, तो सुटायलाच अर्धा तास गेला. आमच्या आधी कुणीतरी तिला पुसायचा प्रयत्न केला असावा, कारण पोटाला वर्तमानपत्राचा तुकडा घट्ट बसलेला होता. छोट्या जाहिरातींचं पान, ‘वधू पाहिजे’ वाचता येत होतं. शेवटी तेल शोषायला बेसन, मग बेबी शॅम्पू, कोमट पाणी आणि लगेच कोरडं करून टॉवेलात. बाहेर कितीही ऊन असलं तरी एवढंसं ओलं पिल्लू गारठतं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तिचं तापमान ९९ होतं. कुत्र्याला साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असावं लागतं.

सगळं डांबर निघाल्यावर खालची कुत्री काळीच निघाली. मादी, वजन १ किलो ९०० ग्रॅम, दुधाचे दात सगळे आलेले, म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपास.

पहिला निर्णय: आईकडे की घरी?

हा निर्णय आम्ही दवाखान्याच्या पायरीवर पाच मिनिटांत घेतला. आज मागे वळून पाहते तेव्हा पुढचं बरंचसं याच पाच मिनिटांतून आलेलं दिसतं.

आई तिथेच होती. पाजत होती. दुसरी दोन पिल्लं धडधाकट होती. एक मार्ग असा होता की डोळ्यांत थेंब घालून, कातडीची आग शमेपर्यंत चार-पाच दिवस घरी ठेवायचं आणि मग आईजवळ परत सोडायचं, आठ आठवडे पुरे होईपर्यंत. दुसरा मार्ग, सरळ फोस्टरला न्यायचं आणि दत्तक द्यायचं. रस्त्यावर रोलर फिरत होता, पिंपं तशीच होती. तिला परत तिथे ठेवायची कल्पनाच कुणाला सहन झाली नाही. कुणी ‘परत’ हा शब्दसुद्धा उच्चारला नाही.

पण पिल्लू सहाव्या-सातव्या आठवड्यात भावंडांशी जी दंगामस्ती करतं, तो निव्वळ खेळ नसतो. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. आई गुरगुरते. दातांचा जोर किती लावायचा हे पिल्लू असं शिकतं. माणसाच्या घरी एकटं वाढलेलं पिल्लू हे उशिरा शिकतं, कधी नीट शिकतच नाही.

दुसरी बाजूही सांगते. तिच्या दोन भावंडांपैकी एक मे महिन्यात गाडीखाली गेलं. दुसरं कामगारांच्या कुटुंबाबरोबर, काम संपल्यावर, पुढच्या साईटवर गेलं. म्हणजे परत ठेवलं असतं तर डांबरीचं काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. एवढंच म्हणेन की ज्या पर्यायावर विचारच झाला नाही, त्याला नाकारला असं म्हणता येत नाही. आणि आईची नसबंदी करून घेणं आमच्या यादीत होतं, ते जुलैपर्यंत राहून गेलं. ते आधी व्हायला हवं होतं.

फोस्टर घर

एका काकूंनी होकार दिला. घरी काका, ऐंशी पार केलेल्या आजी आणि काकू. तिसरा मजला, मोठी बाल्कनी. मी काकूंना म्हणाले, “तीनच आठवडे काकू, पिल्लं पटकन जातात.” हे वाक्य त्यानंतर मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, भीती आम्हा सगळ्यांच्या मनात असतेच. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले की दोन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. रात्री दहाला दवाखाना गाठला, विष्ठेची तपासणी केली. नसल्याचं निघालं. मग हळूहळू कळलं की आजी रोज दुपारी सगळे झोपले की तिला दूध-पोळी कुस्करून घालत होत्या. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही. शिवाय अंग चाटताना थोडं तेलही पोटात गेलं असणार. आजींना समजावलं तर त्या म्हणाल्या, “लेकराला दूध नाही द्यायचं तर काय दगड द्यायचे?” शेवटी दही-भात आणि उकडलेलं अंडं यावर तह झाला.

या घाबरगुंडीचा एक परिणाम मात्र लांबवर गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “लसी पूर्ण होईपर्यंत तिला जमिनीवर, जिथे इतर कुत्री येतात तिथे सोडू नका.” पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलने हमखास मरत नाही, त्यामुळे सल्ला अगदी बरोबर होता. काकूंनी तो शब्दशः पाळला आणि वर चार पावलं पुढे नेला. पहिली लस साडेसात आठवड्यांची असताना, शेवटची जूनअखेरीस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत डांबरीने दवाखाना सोडून घराबाहेरचं जग पाहिलंच नाही. आणि दवाखान्यातही ती बंद टोपलीतून गेली.

दुसरा निर्णय: जो घेतला असं कुणाला वाटलंच नाही

पिल्लाचं मन नव्या गोष्टींना उघडं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं. नंतर जे येतं त्याला आधी भ्यायचं, मग बघू. लसीचं वेळापत्रक आणि मनाचं वेळापत्रक इथे एकमेकांच्या आड येतात, आणि लस कागदावर असते म्हणून तिचंच ऐकलं जातं.

डांबरीच्या बाबतीत हे अगदी मोजून दाखवता येतं. यंदा मे महिन्यातच पावसाने धुमाकूळ घातला. विजांचा गडगडाट चालला असताना ती आजींच्या पायाशी घोरत होती. तेव्हा ती आठ-दहा आठवड्यांची होती. म्हणून पुढे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला तेव्हा घरातला एकमेव जीव जो वैतागला नाही, तो डांबरी. कुकर, मिक्सर, आजींचा टीव्ही यांचं तिला काही नाही. पण लिफ्ट? लिफ्टचं दार उघडलं की ती चारही पाय पसरून फरशीला चिकटते. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, दुसरी कुत्री, सगळ्यांना घाबरते.

काय करता आलं असतं? अगदी सोपं होतं. ओढणीची झोळी करून तिला रोज पंधरा मिनिटं खाली नेऊन कट्ट्यावर मांडीत घेऊन बसायचं. जमिनीला पाय न लावता. रिक्षा दिसल्या असत्या, शाळेची पोरं दिसली असती, डिलिव्हरीवाले दिसले असते. आता आम्ही प्रत्येक फोस्टर घराला हे पहिल्या दिवशी सांगतो. तेव्हा कुणी सांगितलं नाही. काकूंची चूक नाही ती, आमची आहे.

चौकश्या आणि नकार

पहिल्या तीन आठवड्यांत १९ फोन आले. त्यातले निम्मे “लॅब (लॅब्राडोर) आहे का?” इथेच संपले. उरलेल्यांत “नर आहे का?” आणि मग थोडं थांबून, “काळीच आहे का?” गावठी, मादी आणि काळी, ही तिन्ही एकत्र आली की फोन लवकर संपतो. त्यात आम्ही काढलेले फोटो. तपकिरी सोफ्यावर काळं पिल्लू, संध्याकाळच्या उजेडात. दोन डोळे आणि एक डाग. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की नावच बदला, ‘डांबरी’ ऐकून कोण घरी नेईल. पंधरा दिवस ती ‘काजल’ होती. ती या नावाला वळली नाही आणि चौकश्याही वाढल्या नाहीत. पुढे काकांनी तिला सकाळी आठच्या उन्हात बाल्कनीत, आजींच्या पांढऱ्या साडीवर बसवून फोटो काढला. त्यानंतर फोन वाढले. नाव परत डांबरी झालं.

आलेल्यांपैकी तीन जणांचा गंभीरपणे विचार झाला.

एक फार्महाऊसवाले होते. मुळशीकडे जागा, राखणीला कुत्री हवी. “राहील की बांधून, जेवणाची कमी नाही.” नाही म्हणायला वेळ लागला नाही. आजही नाहीच म्हणेन.

दुसरं एक तरुण जोडपं. दोघं नोकरीला, भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार. आमच्या फॉर्मवर ‘स्वतःचं घर आहे का?’ असा प्रश्न होता आणि भाडेकरू म्हटलं की आमच्याकडून आपोआप नकार जायचा. मागे दोनदा घरमालकाने हाकललं म्हणून कुत्रं परत आलं होतं, त्यातून तो प्रश्न आला होता. त्या मुलीने विचारलं, “घरमालकांची लेखी परवानगी आणली तर?” आम्ही नीट उत्तरसुद्धा दिलं नाही. दोन महिन्यांनी कळलं की त्यांनी दुसरीकडून एक देशी पिल्लू घेतलं. अधूनमधून फोटो पाठवतात, मजेत आहे. पुण्यासारख्या शहरात, जिथे बरीच तरुण मंडळी भाड्याने राहतात, तिथे हा प्रश्न आम्ही चाळणी म्हणून वापरत होतो. आता फॉर्मवर विचारतो ते वेगळं: घरमालकाला माहीत आहे का, आणि घर बदलावं लागलं तर कुत्र्याचं काय ठरवलंय.

तिसरं कुटुंब सगळ्यांना आवडलं होतं. आई, बाबा, सात वर्षांचा मुलगा. जूनच्या पहिल्या रविवारी भेटायला आले.

तो रविवार

डांबरी तेव्हा साधारण अकरा आठवड्यांची. मुलगा जमिनीवर बसला, तिने त्याच्या बाहीला धरून ओढाओढ सुरू केली, तो हसत होता. मग हात मागे घेताना तिचे दात त्याच्या मनगटावर ओढले गेले. रागाने चावली नव्हती. दाताचा जोर कुठे थांबवायचा हे तिला ठाऊक नव्हतं. दोन ओरखडे, त्यातल्या एकातून रक्ताचे थेंब.

इथे एक गोष्ट आम्ही बरोबर केली. “काही नाही होत, पिल्लूच आहे” असं कुणी म्हणालं नाही. म्हणजे काकांनी सुरुवात केली होती, पण काकूंनी त्यांना थांबवून मुलाचा हात नळाखाली धरला. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, पट्टी नाही. मग थेट हॉस्पिटल. पिल्लू रस्त्यावरून आलेलं, रेबीजची लस तिला तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची म्हणून अजून दिलेली नव्हती. रक्त आलं असल्यामुळे डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दिलं आणि पुढच्या डोसांच्या तारखा लिहून दिल्या. डांबरीवर दहा दिवस लक्ष ठेवलं. ती ठणठणीत राहिली, तरी मुलाचे डोस पूर्ण केले. लहान पिल्लाला रेबीज होत नाही अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि महाग पडू शकते.

त्या कुटुंबाने नकार कळवला. माझी काही तक्रार नाही. मुलाच्या आईने फोनवर एकच विचारलं, “हे आम्हाला आधी सांगायला नको होतं का, की ती चावे घेते?” काकूंच्या हातावर पहिल्यापासून ओरखडे होते. मी ते दर आठवड्याला बघत होते. लहान मूल असलेल्या घराला ते सांगायला हवं होतं, आणि पहिल्या भेटीत डांबरीला पट्टा लावून, मुलाला खुर्चीत बसवून भेट घडवायला हवी होती.

दुसरी गोष्टही त्या दिवशी उघडी पडली. आमच्या सहा जणांपैकी रेबीजची आधीच घ्यायची लस फक्त दोघांनी घेतलेली होती. एप्रिलमध्ये डांबर काढताना आमच्या हातांना तिने चावे घेतलेच होते. तेव्हा लगेच धावायला हवं होतं, ते पाचेक आठवड्यांनी केलं. काका-काकूंनीही डोस घेतले.

त्यानंतर जून-जुलै नुसता शिकवण्यात गेला. दात लागला की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत. आमच्यातल्या एकीच्या घरी एक शांत, वयस्क, लसी झालेली कुत्री आहे, तिला आठवड्यातून दोनदा आणायचो. त्या बाईसाहेबांनी तीन आठवड्यांत जे शिकवलं, ते आम्हा सगळ्यांना दोन महिन्यांत जमलं नव्हतं. आता डांबरी दात लावते, दाबत नाही.

ऑगस्ट

ऑगस्टमध्ये एक निवृत्त जोडपं तयार झालं. घरभेट झाली, सगळं जुळलं. तोवर ११ ऑगस्टचा सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबतचा आदेश आला आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं, की कोर्टानेच कुत्री हलवायला सांगितलीत, आणि हे लोक नवीन आणतायत. २२ ऑगस्टला न्यायालयाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून, आणि ज्यांना दत्तक घ्यायची आहेत त्यांना घेता येतील, फक्त ती पुन्हा रस्त्यावर येता कामा नयेत, असं त्यात होतं. ग्रुपवर मात्र पहिलाच आदेश फिरत राहिला.

आम्ही सेक्रेटरींना पत्र दिलं. घरात पाळलेलं, लस झालेलं, पालिकेचा परवाना काढलेलं कुत्रं भटकं नसतं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. सेक्रेटरींनी पत्र वाचलं आणि हरकत नाही असं लिहूनही दिलं. पण त्या जोडप्यातल्या आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, कागद बरोबर आहे तुमचा. पण मला ग्रुपवरच्या त्या लोकांना रोज लिफ्टमध्ये भेटायचंय.” तेही जुळता जुळता राहिलं. आम्ही पत्राची घाई केली. आधी आजोबांनी शेजाऱ्यांना चहाला बोलवावं, डांबरी त्यांना दाखवावी, एवढं केलं असतं तर पत्र कदाचित लागलंच नसतं.

सध्याची स्थिती

सप्टेंबर संपत आला. डांबरी सहा महिन्यांची आहे, वजन ११ किलो, सगळ्या लसी झालेल्या. आजवरचा खर्च साडेसात हजारांच्या आसपास, तो आम्ही आणि काकूंनी वाटून घेतला. नसबंदी पुढच्या आठवड्यात आहे, ती झाल्यावरच ती कुठेही जाईल.

काकूच का ठेवून घेत नाहीत, असं सगळे विचारतात. नोव्हेंबरमध्ये त्या आणि काका लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने कॅनडाला जाणार आहेत, आजी नाशिकला धाकट्या मुलाकडे. हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. काकू म्हणाल्या, “अगं, तू तीन आठवडे म्हणाली होतीस ना, म्हणून मी नोव्हेंबरचं काही बोललेच नाही.” फोस्टर घराला शेवटची तारीख विचारायची, हे आता फॉर्मवर सगळ्यात वर आहे.

सासवडहून एक माय-लेक दोन रविवार आल्या. घर तळमजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. पहिल्या रविवारी डांबरी टेबलाखालून बाहेरच आली नाही. दोघी तासभर तिच्याकडे न बघता आजींशी लोणच्याबद्दल बोलत बसल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या रविवारी त्या मुलीने हात मागे ठेवून तळव्यावर पोळीचा तुकडा धरला. डांबरी मान लांब करून आली, तुकडा ओठांनी उचलला आणि परत टेबलाखाली गेली. तिसऱ्या भेटीला त्या या रविवारी येतायत.